घाटाआधीचे व्हीएमएस फलक: स्वीकृती चाचणीत नेमकं काय तपासायचं?

घाटवळण (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

घाट सुरू होण्याआधीच्या १२ किलोमीटरमध्ये गॅन्ट्रीवर (रस्त्यावरच्या आडव्या कमानीवर) सहा व्हीएमएस, म्हणजे मजकूर बदलता येणारे फलक, बसणार आहेत. सोबत दर ५०० मीटरवर रडार डिटेक्टर आणि नियंत्रण कक्षातलं सॉफ्टवेअर. या सगळ्याची स्वीकृती चाचणी लिहायची आहे, कारखान्यातली (एफएटी) आणि जागेवरची (एसएटी) दोन्ही. फलक एकरंगी पिवळ्या एलईडीचे, दोन पिक्सेलमधलं अंतर २० मिमी, उंची ६४ पिक्सेल. मजकूर मराठी आणि इंग्रजी. मोटारींना वेगमर्यादा ताशी १०० किमी.

फलकांकडून दोन कामं हवीत. पुढे रांग लागली तर मागून येणाऱ्यांना ती दिसायच्या आत कळावी. आणि घाटात फारच तुंबलं तर काही वाहनं आधीच्या एक्झिटने जुन्या रस्त्याला जावीत.

हातात असलेला चाचणीचा मसुदा दीड पानाचा आहे. सगळे पिक्सेल पेटवा, विझवा, एक इंग्रजी वाक्य पाठवा, फोटो काढा, सह्या करा. यातून फलक पेटतो एवढंच सिद्ध होतं. उन्हात आणि रात्री तो वाचता येईल का, मराठी नीट उमटेल का, मजकूर वेळेवर पडेल का आणि शेवटी कोंडीवर काही फरक पडला हे कशावरून म्हणायचं, या चार गोष्टींवर मार्गदर्शन हवं आहे. आयआरसी:एसपी:८५ (अशा फलकांची भारतीय मार्गदर्शक तत्त्वं) वाचलं आहे, प्रत्यक्ष चाचणीच्या पायऱ्या हव्या आहेत.

---

अर्थिंगवाला

प्रकाश आणि वीज एवढ्यापुरतं लिहितो.

'सगळे पिक्सेल पेटवा' ही चाचणी ठेवा, पण दोन मिनिटांची नको. भर दुपारी, पूर्ण प्रकाशावर, सलग दोन तास चालवा आणि दर १५ मिनिटांनी कॅबिनेटच्या आतलं तापमान आणि समोरून ल्युमिनन्स (फलकाचा उजळपणा) नोंदवा. कारण असं, की बरेच कंट्रोलर आतलं तापमान वाढलं की एलईडी वाचवायला प्रकाश गुपचूप कमी करतात. म्हणजे ज्या वेळी ऊन सगळ्यात कडक असतं, नेमका त्याच वेळी फलक फिका. कंट्रोलरच्या लॉगमध्ये ही घट दिसते का तेही बघा. दिसत नसेल तर तो दोष म्हणून लिहा.

ल्युमिनन्ससाठी ईएन १२९६६ या युरोपीय मानकाचा एल३ वर्ग मागितला असेल तर पिवळ्या रंगाला ४०,००० लक्स बाहेरच्या उजेडात किमान ७,४४० आणि जास्तीत जास्त ३७,२०० कँडेला प्रति चौ.मी. लागतं. ४ लक्स किंवा त्याहून कमी उजेडात हाच आकडा ४५ ते २२५ आहे. जागेवर लोक फक्त दिवसाचा किमान आकडा बघतात. रात्रीचा कमाल आकडा तितकाच महत्त्वाचा आहे, कारण जास्त प्रकाशात अक्षरांच्या रेघा फुगून एकमेकींत मिसळतात. देवनागरीत शिरोरेषा आणि वरच्या मात्रा आधी मिसळतात.

मोजताना स्पॉट मीटरचा कोन बघा. १ अंशाचं मीटर ३० मीटरवरून साधारण अर्ध्या मीटरचं वर्तुळ पाहतं, २० मिमी पिचमध्ये (पिच म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर) त्यात ५०० च्या आसपास पिक्सेल येतात. तेवढे पुरेत. पण ३० मीटरवरून फलक बराच खालून दिसतो आणि किरणाच्या कोनाबाहेर गेल्याने आकडा कमी येतो. तृतीयांश अंशाचं मीटर मिळालं तर ९० मीटरवरून तेवढंच वर्तुळ मिळतं आणि कोनही आटोक्यात राहतो. वळणानंतर लगेच गॅन्ट्री असेल तर प्रत्येक लेनमधून २५० ते ५० मीटरपर्यंत दर २५ मीटरला एक वाचन घ्या. सरळ रस्त्यासाठी निवडलेला अरुंद किरण वळणावरच्या डावीकडच्या लेनला पोहोचतच नाही, आणि जड वाहनं त्याच लेनमध्ये असतात.

उन्हाची दिशा वेगळी तपासावी लागते. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं उदाहरण घ्या: सकाळी ऊन चालकाच्या डोळ्यात, फलकाच्या पाठीमागून, आणि संध्याकाळी तेच ऊन फलकाच्या तोंडावर. दोन्ही वेळचे दोष वेगवेगळे. पाठीमागून ऊन असेल तर फलक जास्त उजळ हवा, म्हणून उजेडाचे सेन्सर पुढे आणि मागे असे दोन असावेत आणि कंट्रोलरने त्यातला मोठा आकडा धरावा. तपासायला सोपं आहे. पुढचा सेन्सर काळ्या कापडाने झाका, फलक मंद व्हायला नको. मग दोन्ही झाका, अर्ध्या-एक मिनिटात पायरीपायरीने मंद व्हायला हवा. मग रात्री पुढच्या सेन्सरवर दोन सेकंद बॅटरीचा झोत टाका, काहीच बदलायला नको. हेडलाइटने किंवा विजेच्या चमकेने फलक लुकलुकला तर सरासरीचा कालावधी वाढवून घ्या.

तोंडावर ऊन असताना न पेटलेले पिक्सेलही पेटल्यासारखे दिसतात. यासाठी अर्धवट मजकूर टाकून सूर्य खाली असताना फलकासमोर उभं राहून बघण्याला पर्याय नाही. पिक्सेलवरच्या छज्ज्या वाकलेल्या किंवा धुळीने पांढऱ्या पडलेल्या असतील तर हा दोष लगेच दिसतो.

पाण्याची चाचणी कारखान्यात करा. आयपीएक्स५ (पाण्याच्या झोतापासून बचावाचा दर्जा) म्हणजे ६.३ मिमीच्या नोझलमधून मिनिटाला १२.५ लिटर, अडीच ते तीन मीटरवरून, किमान ३ मिनिटं. एक भर घाला: आधी फलक तासभर पूर्ण प्रकाशावर तापवा आणि गरम असतानाच पाणी मारा. गरम कॅबिनेटवर थंड पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि गॅस्केटच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. घाटातल्या पहिल्या वळवाच्या सरीला नेमकं हेच होतं. गार फलकावर मारलेलं पाणी हा दोष दाखवत नाही.

अर्थिंगचं वाचन मे महिन्यात घ्या. जमीन ओली असताना कुठलंही अर्थिंग चांगलंच येतं. मुरूम आणि काळ्या खडकात कोरड्या दिवसांत तो आकडा कितीतरी पट वाढतो, आणि पहिल्या विजा कोरड्या जमिनीवरच पडतात. सर्ज अरेस्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण) नुसता बसवलाय का ते पाहू नका, त्याचा बिघाडाचा संपर्क कंट्रोलरला जोडला आहे का आणि कार्ट्रिज उपसलं की नियंत्रण कक्षात अलार्म येतो का ते पाहा.

---

निळी_वायर

वरच्या सगळ्याशी सहमत. पण माझ्या मते न पेटणारा फलक हा सगळ्यात वाईट दोष नाही. चुकीचा किंवा शिळा मजकूर हा सगळ्यात वाईट. बंद फलकाकडे चालक दुर्लक्ष करतो. 'पुढे रस्ता मोकळा' असं खोटं सांगणारा फलक त्याला ताशी १०० ने रांगेच्या शेपटावर नेऊन घालतो. म्हणून चाचणीचा निम्मा वेळ मोडतोडीला द्या.

पहिलं, वीज. एमसीबी खाली करा: ५ सेकंद, २ मिनिटं, अर्धा तास. बॅटरी संपल्यावर वीज परत आली की फलक कोरा यायला हवा. जुना मजकूर परत दिसला तर नापास. अर्ध्या तासापूर्वीच्या अपघाताची सूचना आता कुणाच्या कामाची? एनटीसीआयपी १२०३ हे अमेरिकन मानक पाळणाऱ्या फलकात छोट्या आणि लांब वीजखंडासाठी काय दाखवायचं याच्या वेगळ्या नोंदी असतात. त्या भरल्या आहेत का, की कारखान्याच्या मूळ किमती तशाच आहेत, ते वाचून घ्या.

दुसरं, संपर्क. फायबरचा पॅचकॉर्ड (फलकाला केंद्राशी जोडणारी केबल) काढा. मजकुराची मुदत फलकातल्या कंट्रोलरनेच मोजली पाहिजे, केंद्राने 'पुसा' सांगण्याची वाट पाहता कामा नये. रांगेच्या सूचनेला ५ मिनिटांची मुदत द्या आणि केंद्राने ती दर मिनिटाला वाढवत राहावी. संपर्क तुटला की ५ मिनिटांत फलक आपोआप कोरा. पॅचकॉर्ड काढल्यापासून कोरा होईपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचने सहाही फलकांवर मोजा. एका फलकाचं घड्याळ तासभर पुढे करून परत तेच करा. घड्याळ चुकलं की मुदतीचं गणित चुकणारे कंट्रोलर असतात.

तिसरं, खोटं 'ओके'. केंद्राच्या स्क्रीनवर दिसणारं फलकाचं चित्र म्हणजे बऱ्याचदा पाठवलेल्या मजकुराचीच प्रत असते, प्रत्यक्ष काय पेटलं ते नाही. तपासायला फलक उघडून एका मॉड्यूलची रिबन केबल काढा. केंद्रात दोष दिसायला किती वेळ लागला? दिसलाच नाही तर पिक्सेल तपासणी नावापुरती आहे. मग विझून अडकलेला आणि पेटून अडकलेला पिक्सेल वेगळे ओळखले जातात का ते बघा. छोट्या मॅट्रिक्सवर ६० आणि ८० मध्ये दोन-चार पिक्सेलचा फरक असतो, म्हणून वेगाचा आकडा जिथे पडतो त्या भागात ठरावीक संख्येपेक्षा जास्त दोष झाले की आकडा दाखवूच नये, असा नियम मागा आणि तो मोडून दाखवा.

आता वेळेवर पडण्याबद्दल. रांगेचं शेपूट स्थिर नसतं, ते मागे सरकतं. थांबा-चला वाहतुकीची लाट साधारण ताशी १५ ते २० किमीने उलट्या दिशेला जाते. ताशी १८ धरलं तर सेकंदाला ५ मीटर. आता साखळी मोजा. रडार दर ६० सेकंदांनी सरासरी पाठवतं, सॉफ्टवेअर तीन सरासऱ्या एकत्र करतं, म्हणजे १८० सेकंद, ऑपरेटर मंजुरीला दोन मिनिटं घेतो, फलकावर पडायला १० सेकंद. एकूण ३१० सेकंद, तेवढ्यात शेपूट १,५५० मीटर मागे आलेलं. दीड किलोमीटर आधी फलक असेल तर सूचना पेटते तेव्हा रांग फलकाच्या खाली पोहोचलेली असते! याउलट रडार २० सेकंदांनी, सलग दोन वाचनांची खात्री, रांगेच्या सूचनेला मंजुरी नाही, असं केलं तर सगळं मिनिटभरात होतं आणि शेपूट ३०० मीटर सरकतं. वळवण्याच्या सूचनेला ऑपरेटरची मंजुरी जरूर ठेवा, रांगेच्या सूचनेला नको. ही एकूण दिरंगाई कराराच्या चाचणीत आकड्याने लिहा.

तर्काची चाचणी रस्त्यावर करू नका, साठवलेला डेटा परत चालवून करा. रडारचा दोन-तीन आठवड्यांचा कच्चा डेटा आणि त्याच वेळेचं सीसीटीव्ही चित्रीकरण घ्या. चित्रीकरण पाहून माणसाने रांगेची सुरुवात, शेवट, लेन नोंदवावी. ते झालं सत्य. मग तोच डेटा सॉफ्टवेअरला भरवा आणि तीन आकडे काढा: किती रांगा पकडल्या, किती उशिरा पकडल्या, एका फलकावर दिवसाला किती खोट्या सूचना आल्या. डेटामध्ये ही प्रकरणं असलीच पाहिजेत:

– रात्री तीन वाजता चढावर डाव्या लेनमध्ये ताशी १५ ने चढणारा एकटा ट्रक. सरासरी वेग कोसळतो, रांग मात्र नसते. लेनवार वेग आणि ऑक्युपन्सी (डिटेक्टरसमोर वाहन असण्याच्या वेळेचं प्रमाण) न बघणारं सॉफ्टवेअर इथे हमखास फसतं.
– जोडसुट्टीच्या आधीची शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ.
– मुसळधार पाऊस आणि दाट धुकं, जेव्हा सगळेच हळू असतात.
– अडकलेला डिटेक्टर, जो दहा मिनिटं तोच आकडा पाठवतोय. शून्य आकडा म्हणजे 'रस्ता रिकामा' आणि 'सगळं ठप्प' दोन्ही असू शकतं.
– एकाच लेनमध्ये बंद पडलेलं वाहन, बाकी दोन लेन वाहत्या.

सूचना लागण्याची आणि निघण्याची मर्यादा वेगळी ठेवा, उदा. वेग ताशी ४५ किमीच्या खाली गेला की लागेल, ५५ च्या वर सलग तीन मिनिटं गेल्यावर निघेल. एकच मर्यादा ठेवली तर फलक मिनिटामिनिटाला चालू-बंद होतो आणि लोक त्याच्याकडे बघणं सोडतात.

ब्रिटनमध्ये एम२५ वर (लंडनभोवतीच्या मोटरवेवर) १९९५ पासून बदलत्या वेगमर्यादा आहेत. तिथे लेनमागे ताशी १,६५० वाहनं झाली की ताशी ६० मैलांची मर्यादा आणि २,०५० झाली की ५० मैलांची, अशा पायऱ्या होत्या. हे आकडे निविदांमध्ये जसेच्या तसे उतरू शकतात, तसं करू नका. तो रस्ता सपाट, लेनची शिस्त वेगळी. चढावर लादलेले ट्रक असताना लेन त्याच्या कितीतरी आधी भरते. स्वतःच्या डेटामधून वेग आणि प्रवाहाचा आलेख काढा, मोड कुठे येते ते बघा.

आणि हो, पासवर्ड. २००९ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात कुणीतरी रस्त्याकडेच्या फलकावर 'पुढे झोंबी आहेत' असा मजकूर टाकला होता. चाचणीत मूळ पासवर्ड, एसएनएमपीचे (उपकरणं दुरून हाताळण्याच्या प्रोटोकॉलचे) 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' हे मूळ परवलीचे शब्द, कॅबिनेटची किल्ली आणि उघडे पोर्ट बघा. एका तासाचं काम आहे.

---

काना_मात्रा

मराठीबद्दल सविस्तर लिहिते, कारण निविदेत 'मराठी सपोर्ट' एवढे दोनच शब्द असतात.

आधी उंचीचं गणित. घाटवळण, तुमच्या फलकाची उंची ६४ पिक्सेल आहे. वेगवान रस्त्यावर ४५० मिमी अक्षर धरतात, ते २० मिमी पिचमध्ये २२-२३ पिक्सेल होतं. इंग्रजी मोठ्या लिपीतल्या अक्षराला तेवढं पुरतं. मराठीत शिरोरेषेपासून पायापर्यंत २२, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना ६, खाली उकार आणि जोडाक्षराच्या पायाला ६. एक ओळ ३४ पिक्सेल. दोन ओळी ६८. तुमच्या फलकात बसत नाहीत! मग लोक काय करतात, तर खालच्या ओळीची मात्रा वरच्या ओळीच्या उकारात घुसवतात. त्यापेक्षा अक्षराचा गाभा २० पिक्सेल, म्हणजे ४०० मिमी करा: २०+६+६, दोन ओळी बरोबर ६४ मध्ये.

याची किंमत वाचनाच्या अंतरात मोजावी लागते. ४५० मिमी अक्षर २४० मीटरवरून वाचता येतं असं धरलं, तर ४०० मिमी साधारण २१३ मीटरवरून. शेवटचे ४० मीटर जातात, कारण फलक गाडीच्या छताआड होतो (खाली साडेपाच मीटर मोकळी उंची, चालकाचा डोळा १.१ मीटरवर). उरले १७३ मीटर. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, म्हणजे हातात सव्वासहा सेकंद, तेही पुढे ट्रक नसेल तर.

आता दोन पानं मराठी, दोन पानं इंग्रजी, प्रत्येकी तीन सेकंद असं चक्र लावलं तर ते १२ सेकंदांचं होतं. निम्म्या चालकांना त्यांच्या भाषेचं एक पान पूर्ण मिळणार नाही. म्हणून नियम करा: एक मराठी पान, एक इंग्रजी पान, प्रत्येकी तीन सेकंद, बस. जे दोन ओळींत मावत नाही ते फलकावर जायचं नाही. सरकता मजकूर तर नकोच, तो पूर्ण सरकेपर्यंत गाडी फलकाखालून गेलेली असते.

मग अक्षरं उमटण्याची चाचणी. बऱ्याच कंट्रोलरना युनिकोड समजतं, पण अक्षरजुळणी येत नाही. 'किमी' पाठवलं तर पहिली वेलांटी क च्या आधी न येता नंतर पडते, 'मार्ग'चा रफार सुटतो आणि र पाय मोडून वेगळा उभा राहतो. इंग्रजी वाक्याने चाचणी पास झाली तर हे कधीच दिसत नाही. प्रत्येक फलकावर हे शब्द पाठवा: किमी, मार्ग, द्रुतगती, ट्रक, जाणाऱ्या, दृश्यमानता, हळू, कोंडी, मुंबईकडे, घाटमाथ्यावर, क्रेन, दुर्घटना, कळंबोली.

यातला प्रत्येक शब्द कशासाठी तरी आहे. 'द्रु'मध्ये द खाली र आणि त्याखाली उकार, हा सगळ्यात खोल जाणारा ढीग, तळाचे पिक्सेल कापले जातात का ते इथे कळतं. 'जाणाऱ्या'मधला ऱ्या हिंदीसाठी बनवलेल्या फाँटमध्ये बहुधा नसतोच, तिथे 'जाणार्या' उमटतं. 'कोंडी'चा अनुस्वार काना-मात्रेला चिकटतो, आणि तो २×२ पिक्सेलचा असेल तर चार पिक्सेल मेले की 'कोडी' उरते. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही बघा, लांबून वाचताना सवयीचा आकार आधी ओळखला जातो.

फलकाला जुळणी येत नसेल तर केंद्रात चित्र बनवून बिटमॅप पाठवणं हा मार्ग चालतो. पण मग फलकाच्या लॉगमध्ये शब्द राहत नाहीत, 'चित्र क्र. १४' एवढंच राहतं. पुढे अपघाताच्या चौकशीत त्या वेळी काय दाखवलं होतं हे सांगता यावं म्हणून प्रत्येक चित्रासोबत मूळ मजकूर आणि चेकसम (चित्र बदललं तर बदलणारा पडताळणीचा आकडा) साठवून घ्या, आणि फलकातलं चित्र बदलून केंद्र ते पकडतं का ते तपासा.

शेवटी अर्थ. 'पुढील ५ किमी कोंडी' म्हणजे कोंडी पाच किलोमीटरवर आहे की पाच किलोमीटर लांब? 'कोंडी ५ किमीवर' आणि 'कोंडी ५ किमी लांब' यांतलं एक स्पष्ट निवडा. रस्त्यावरचे कितीतरी ट्रकचालक परप्रांतातले असतात, त्यांना देवनागरी हिंदीमुळे वाचता येते, पण 'वाहतूक कोंडी' कळेलच असं नाही. 'ट्रॅफिक जाम' सगळ्यांना कळतं. मला मराठी शब्दाचं प्रेम आहे, तरीही इथे मी 'जाम'च्या बाजूने आहे. 'डावीकडे'ऐवजी बाण दाखवा.

हे तपासायला फलक लागत नाही. ४०० मिमी अक्षर २१३ मीटरवरून जेवढं दिसतं तेवढंच ५.६ मिमी अक्षर ३ मीटरवरून दिसतं. लॅपटॉपवर काळ्या पार्श्वभूमीवर ठिपक्यांसकट पिवळा मजकूर त्या मापाचा करा, टोल नाक्याजवळच्या ढाब्यावर ३०-४० चालकांना तीन सेकंद दाखवा आणि झाका. 'कळलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'आता तुम्ही काय कराल?' विचारा. निम्मे चालक जड वाहनांचे आणि काही पन्नाशीच्या पुढचे घ्या. पाचातल्या एकाने जरी उलट अर्थ काढला तरी तो मजकूर बदला.

---

रांगमोजणी

कोंडी कमी झाली का, हे 'आधी-नंतर'च्या आकड्यांवरून सांगू नका. मे आणि जुलैची तुलना म्हणजे सुट्ट्या आणि पावसाची तुलना. एकाआड एक आठवडा असं चालू-बंद करा, किमान आठ ते दहा आठवडे. गणपती, दिवाळी, जोडसुट्ट्या आधीच बाजूला काढा, निकाल बघून नव्हे. मात्र रांगेची सूचना प्रयोगासाठी बंद ठेवायची नाही. जीव धोक्यात घालून मोजमाप होत नसतं. त्यात फक्त शब्द किंवा मर्यादा बदलून तुलना करा. चालू-बंद फक्त प्रवासवेळ आणि वळवण्याच्या सूचनेचं.

काय मोजायचं: वळवण्यासाठी एक्झिटवरचा वाटा, दर पाच मिनिटांनी, सूचनेच्या आधी आणि नंतर. रांगेच्या सूचनेसाठी फलकापासून शेपटापर्यंतच्या डिटेक्टरवर वेगातली घट, लेनमधल्या वेगांतला फरक आणि एक सेकंदापेक्षा कमी अंतर ठेवणाऱ्यांचं प्रमाण. अपघात मोजून काही महिन्यांत काहीच सिद्ध होत नाही, ते सुदैवाने तितके वारंवार घडत नाहीत.

वळवण्याची चाचणी आधी सिम्युलेशनमध्ये करा, सुमो हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे. दोन प्रश्न विचारा. वळलेली वाहनं जुन्या रस्त्यावर कुठे तुंबतील? आणि पुढे दोन्ही रस्ते परत एकत्र येतात का? बोरघाटात आडोशी बोगदा ते खंडाळा या तुकड्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग एकाच रस्त्याने जातात. कोंडी त्या तुकड्यात असेल तर जुन्या रस्त्याला वळवून काही साधत नाही, तीच वाहनं दुसऱ्या बाजूने त्याच गर्दीत येतात. अशा वेळी 'जुन्या मार्गाने जा' पडता कामा नये, ही अट सॉफ्टवेअरमध्ये आणि चाचणीत दोन्हीकडे घाला. सगळ्यांना एकदम वळवलं तर वीस मिनिटांत उलटी कोंडी होते, मग सूचना निघते, मग परत पहिली. वाटा मर्यादित ठेवायला सौम्य शब्द आधी ('घाटात ४० मिनिटं जास्त'), थेट आज्ञा नंतर.

प्रवासवेळ दाखवणार असाल तर एक सापळा आहे. आत्ता प्रत्येक तुकड्यात जो वेग आहे त्याची बेरीज केली तर कोंडी वाढताना वेळ कमी दिसतो आणि कोंडी सुटताना जास्त. त्यामुळे चूक दिवसभराची सरासरी काढून तपासू नका, वाढतानाची आणि सुटतानाची वेगळी काढा. सरासरीत दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि कागद स्वच्छ दिसतो.

फलक रिकामा आहे म्हणून घोषवाक्यं टाकायचा मोह होतो. ती पण चाचणीशिवाय नकोत. टेक्सासमध्ये महिन्यातला एक आठवडा फलकांवर त्या वर्षीच्या रस्तेमृत्यूंचा आकडा दाखवत असत. २०२२ मध्ये सायन्स नियतकालिकात आलेल्या अभ्यासात त्या आठवड्यांत फलकानंतरच्या १० किलोमीटरमध्ये अपघात ४.५ टक्क्यांनी वाढलेले आढळले. हेतू चांगला होता, परिणाम उलटा. आणि तो कळला केवळ चालू-बंद आठवड्यांमुळे.

---

घाटवळण

सगळ्यांचे मनापासून आभार. काना_मात्रा ताई, उंचीचं गणित डोळे उघडणारं आहे. दोन शंका. पिच २० चं १६ करून घेतलं तर उपयोग होईल का? आणि या चाचण्यांचा क्रम काय ठेवू, फलक अजून कारखान्यातच आहेत.

---

काना_मात्रा

१६ मिमीने अक्षराची धार सुधारेल, अनुस्वार सुटा दिसेल, पण फलकाची बाहेरची उंची १.२८ मीटर तीच राहिली तर गाभा ४०० मिमीचाच राहणार. तुम्हाला लागते आहे ती उंची. २० मिमी पिचमध्येच ८० पिक्सेल, म्हणजे १.६ मीटर मिळाली तर ४५० मिमी गाभ्याच्या दोन मराठी ओळी मध्ये मोकळी जागा ठेवून बसतात. वारा आणि वजन वाढतं, त्यामुळे गॅन्ट्रीचं डिझाइन करणाऱ्याला आजच विचारा.

---

अर्थिंगवाला

क्रम असा: ढाब्यावरची शब्दचाचणी सगळ्यात आधी, तिला फलक लागत नाही आणि तिच्यातूनच उंची, ओळी ठरतात. डेटा परत चालवण्याची चाचणी त्याच वेळी समांतर सुरू करा. मग कारखान्यात अक्षरं, रिबन केबल, वीजखंड, दोन तासांचं तापवणं आणि त्यावर पाणी. हे सहाही फलकांवर, नमुन्यापुरतं एकावर नव्हे, कारण गॅस्केट प्रत्येक कॅबिनेटला हाताने चिकटवलेलं असतं. जागेवर प्रकाश, ऊन, किरणाचा कोन, अर्थिंग, पॅचकॉर्ड. त्यानंतर ३० दिवस सलग चालवणं, आणि मोठा दोष आला तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. या ३० दिवसांत किमान आठवडाभर जोरदार पाऊस यावा असं वेळापत्रक धरा, नाहीतर अंतिम बिलातला काही भाग पावसाळा संपेपर्यंत रोखून ठेवण्याची अट आत्ताच घाला.

---

निळी_वायर

त्या ३० दिवसांत एक सोपी गोष्ट करा. प्रत्येक फलकासमोर एक साधा कॅमेरा लावा, दर मिनिटाला एक चित्र. रोज सकाळी ती चित्रं केंद्राच्या लॉगशी ताडून पाहा: लॉग म्हणतो कोरा आणि चित्रात मजकूर, किंवा उलट. कॅमेऱ्याचा शटर १/५० सेकंद किंवा त्याहून हळू ठेवा, नाहीतर एलईडीच्या लुकलुकण्यामुळे अर्धा मजकूर गायब दिसेल आणि नसलेले दोष शोधत बसाल.